फ्लॉप पडला, आता बेट लावायची की चेक करायचं? (होल्डेमच्या नवख्यांसाठी)

बटनवरचा

मंडळी, गप्पांच्या पानावर टेक्सस होल्डेमचा विषय निघाला तेव्हा तिघाचौघांचा प्रश्न एकच होता. हातात चांगली पानं आली की रेज करायचा हे कळतं, पण टेबलावर पहिली तीन पानं उघडली आणि त्यात आपलं काहीच नसलं की घोडं पेंड खातं. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. खेळाचे नियम माहीत आहेत असं धरतो, तरी शब्दांची उजळणी: चेक म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे देणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढे भरणं, रेज म्हणजे रक्कम वाढवणं, फोल्ड म्हणजे पानं टाकणं, पॉट म्हणजे मध्ये जमलेले पैसे. टेबलावरची पहिली तीन पानं म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी भरायचेच पैसे (लहान ते स्मॉल, मोठे ते बिग), आणि बटन ही फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्याची जागा. मी न्यू जर्सीत असतो. बहुतेक वेळा मित्रांच्या घरी आणि अधूनमधून अटलांटिक सिटीत १-२ डॉलर ब्लाइंडच्या टेबलावर खेळतो. त्यामुळे खाली जे आहे ते लहान टेबलांवर, साध्या माणसांसमोर चालणारं आहे. टीव्हीवरच्या स्पर्धांशी त्याची गाठ घालू नका.

आधी एक आकडा. हातात जोडी नसलेली कोणतीही दोन पानं असतील, तर फ्लॉपवर निदान एक जोडी लागण्याची शक्यता साधारण ३२ टक्के. तीनातून दोनदा हाती भोपळा. एक्का-राजा असला तरी गणित तेच. पण समोरच्यालाही हेच लागू आहे, आणि फ्लॉपनंतरचा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. दोघांनाही काही लागलं नसेल तर पॉट बहुधा त्याचा, जो आधी पैसे पुढे सरकवतो.

फ्लॉपआधी ज्याने शेवटचा रेज केला त्यानेच फ्लॉपवरही बेट लावली, तर ती कंटिन्युएशन बेट. टेबलावर सगळे सी-बेट म्हणतात. ती चालते यामागे नुसती दादागिरी नाही. रेज करणाऱ्याकडे एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी असू शकते, एक्का-राजा असू शकतो. बिग ब्लाइंडमधून नुसता कॉल करणाऱ्याकडे हे सहसा नसतं. असतं तर त्याने तेव्हाच परत रेज केला असता. म्हणून टेबलावर मोठी पानं उघडली की समोरचा बिचकतो, तुमच्या हातात खरं काही असो वा नसो.

उदाहरण घेऊ. तुम्ही बटनवर आहात, हातात इस्पिक एक्का आणि चौकट राजा. ब्लाइंड १-२. तुम्ही ६ केले, स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट १३. फ्लॉप किलवर राणी, बदाम सत्ती, इस्पिक दुर्री. समोरच्याने चेक केलं. तुम्हाला काही लागलेलं नाही, तरी इथे ४ लावा. १३ मिळवायला ४ पणाला लावताय, म्हणजे चारातून एकदा जरी त्याने पानं टाकली तरी तुमचा तोटा नाही. आणि तो त्याहून पुष्कळ जास्त वेळा टाकेल, कारण या तीन पानांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सिक्वेन्सचा (सलग पाच पानांचा) ड्रॉ, म्हणजे एखादं पान आलं की पूर्ण होईल असा हात, नाही; कलरचाही (एकाच रंगाच्या पाच पानांचा) नाही.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. त्याच्याकडे गुलाम-दश्शी असेल तर या क्षणी तुमचा एक्का-राजा पुढे आहे. पण कॅटमध्ये तीन गुलाम आणि तीन दश्श्या शिल्लक आहेत. रिव्हरपर्यंत त्यातलं एखादं येण्याची शक्यता जवळपास २४ टक्के. ४ डॉलर लावून त्याला पानं टाकायला लावलीत, तर पॉटमधला त्याचा हा चौथा हिस्सा तुमच्या खिशात आला. मागे असलेल्या माणसाला पळवण्यातही कमाई असते.

आता तीच पानं, तोच माणूस, पण फ्लॉप बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर सत्ती. इथे हात आखडता घ्या. बिग ब्लाइंडमधून लोक कशावर कॉल करतात? गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, नव्वी-अठ्ठी, सत्ती-छक्की, छक्की-पंजी, लहानसहान जोड्या, एकाच रंगाची शेजारशेजारची पानं. या फ्लॉपवर त्यातल्या बहुतेकांना काहीतरी लागलंय. गुलाम-दश्शी आणि छक्की-पंजीचा तर सिक्वेन्स तयारच आहे. तुमच्या बेटला कॉल येईल किंवा रेज. पळणार फारसं कोणी नाही. चेक करा आणि टर्नचं पान फुकटात बघा. बटनवर बसल्याचा हाच तर फायदा.

बेट लावण्याआधी मी स्वतःला विचारतो ते इतकंच: हा फ्लॉप जास्त कोणाच्या पानांना लागतो, आणि माझे पैसे बघून नेमका कोण काय करणार? माझ्याहून कच्च्या पानांनी कॉल करावा, किंवा माझ्याहून चांगल्या पानांनी पळ काढावा, किंवा निदान वरच्यासारखा कोणाचा चौथा हिस्सा मारला जावा. यातलं एकही घडणार नसेल तर बेट कशासाठी? "रेज मी केला होता म्हणून" हे कारण नव्हे.

खरोखर चांगली पानं असली की मात्र लाजू नका. हातात राण्यांची जोडी, फ्लॉप किलवर गुलाम, किलवर अठ्ठी, बदाम चौकी. पॉट १३. इथे ४ नकोत, ९ लावा. गुलामवाले कॉल करतील, दश्शी-नव्वीवाला करेल, दोन किलवर धरून बसलेला तर करणारच. त्याला ९ भरून २२ चा पॉट दिसतोय, म्हणजे कॉल परवडायला २९ टक्के शक्यता हवी, आणि टर्नवर किलवर येण्याची शक्यता आहे १९ टक्के. लागल्यावर तो तुमच्याकडून पुढे आणखी काढेल हे खरं, तरी एवढ्या महागात पान बघायला लावणं तुमच्याच फायद्याचं. अशा फ्लॉपवर "जाळ्यात ओढू" म्हणून चेक करणारे फार भेटतात. किलवर आलं की मग तेच नशिबाला बोल लावतात.

राहिली मधली पानं. हातात नव्व्यांची जोडी, फ्लॉपवर राजा आणि दोन लहान पानं, किंवा फ्लॉपमधल्या दुसऱ्या नंबरच्या पानाशी लागलेली जोडी. यावर मोठी बेट लावली की कच्चे पळतात आणि पक्के थांबतात, म्हणजे दोन्हीकडून घाटा. चेक करा, पॉट लहान ठेवा, टर्नवर समोरच्याने बेट लावली तर एकदा कॉल करायला ही पानं चांगली.

तूर्तास एवढंच. शंका विचारा.

झब्बूसम्राट

वाखू (वाचनखूण) साठवली! पण राव, मी मोबाइलवर फुकटच्या चिप्सवाल्या ॲपमध्ये खेळतो, तिथे तुमची सी-बेट एकदाही चालत नाही. पाच जण फ्लॉप बघतात, पाचही कॉल करतात. दुर्री-सत्तीवालासुद्धा रिव्हरपर्यंत येतो आणि दोन जोड्या दाखवून जिंकतो. मग हे सगळं शिकायचं कुठे?

बटनवरचा

@झब्बूसम्राट, फुकटच्या चिप्सवर कोणी पानं टाकत नाही, कारण टाकून वाचवायचं काय? उद्या सकाळी ॲप परत चिप्स देणारच आहे. तिथे हूल देण्याच्या भानगडीत पडू नका. चांगली पानं लागली की मोठी बेट, नाही लागली की चेक आणि फोल्ड. त्या टेबलावर एवढं पुरतं, पण त्यातून सी-बेट शिकता येत नाही.

शिकायचं तर चार-सहा जण जमवा, सगळ्यांना सारख्या चिप्स द्या, संपल्या की बाहेर. पैसे नकोत. पहिला बाहेर पडेल त्याने भांडी घासायची किंवा सगळ्यांसाठी वडापाव आणायचे. हरण्याला एवढी किंमत आली तरी लोक पानं टाकायला लागतात.

मेंढीकोट

आमच्या घरी हा प्रयोग केला तर पहिल्या डावापासून सगळे मिळून मलाच बाहेर काढतील. भांडी तशीही माझ्याकडेच आहेत.

तत्त्वनिष्ठ

धाग्यातलं गणित छान आहे, लिहिलंही ओघवतं आहे. तरी विचारतो, याला जुगार का म्हणू नये? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेदही त्यात ठेवलेला नाही. अशा वेळी तरुण मुलं वाचतात त्या ठिकाणी हे शिकवणं कितपत योग्य?

बटनवरचा

@तत्त्वनिष्ठ, प्रश्न रास्त आहे. पैसे लागले की जुगार, आणि दीर्घ काळ खेळणाऱ्यांत अक्कल वापरणारा पुढे राहतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कायद्याबद्दल वाद नाहीच. भारतातून पैशाचं ऑनलाइन पोकर बंद आहे आणि चोरवाटा कोणी विचारू नयेत, सांगूही नयेत. न्यू जर्सीत २०१३ पासून ऑनलाइनला परवाना आहे, पण मी तिथेही खेळत नाही; समोर माणूस बसलेला नसला तर मला मजा येत नाही. धागा पानांच्या विचाराबद्दल आहे, तो वडापावावर खेळूनही करता येतो.

संपादक

कोणत्याही ॲपचे दुवे, रेफरल कोड, "टेलिग्राम ग्रुपवर या" असले प्रतिसाद उडवले जातील. दोन आधीच उडवले आहेत. चर्चा चालू द्या.

गणोबा

थोडे आकडे माझ्याकडून, आवडत असतील त्यांनी घ्यावेत.

फ्लॉप एकूण २२,१०० प्रकारे पडू शकतो. त्यातले तिन्ही वेगळ्या रंगांचे सुमारे ४० टक्के, दोन पानं एका रंगाची ५५ टक्के, तिन्ही एकाच रंगाची ५ टक्क्यांच्या आसपास. जोडी असलेले फ्लॉप, म्हणजे राजा-राजा-चौकीसारखे, जवळपास १७ टक्के. हे शेवटचे सी-बेटसाठी सोन्यासारखे, कारण दोन राजे टेबलावर गेल्यावर तिसरा कोणाच्या हातात असण्याची शक्यता कमी होते.

बेट किती वेळा यशस्वी व्हायला हवी ते असं: पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी लावली तर २५ टक्के, अर्ध्या पॉटएवढी लावली तर ३३, पूर्ण पॉटएवढी लावली तर ५०. हे अगदी काहीच हातात नसताना. पुढे जोडी लागायची आशा असेल तर त्याहून कमीही चालतं.

आणि "एकाच रंगाची आहेत म्हणून खेळलो" म्हणणाऱ्यांसाठी: अशा दोन पानांना फ्लॉपवर पूर्ण कलर १ टक्क्याहूनही कमी वेळा लागतो. चार पानांचा ड्रॉ लागतो तो ११ टक्के वेळा.

मांडवीकिनारी

लेख उत्तम, पण ४ डॉलरची चिमुकली बेट मला पटली नाही. मी बेळगावचा, वर्षातून काही वेळा पणजीला कॅसिनोच्या जहाजावर खेळतो. शनिवार-रविवारी येणारा माणूस सुट्टी घालवायला आलेला असतो, पानं टाकायला नाही. लहान बेट त्याला आमंत्रण वाटते. "एवढ्यात बघून घेऊ" म्हणत राजा-पंजी, छक्क्यांची जोडी, काहीही घेऊन तो टर्नपर्यंत येतो. म्हणून माझा नियम सरळ आहे. लागलं असेल तर पॉटच्या दोन तृतीयांश ते पूर्ण पॉट, नसेल लागलं तर बहुतेक वेळा चेक. हूल द्यायचीच तर ज्याला पानं टाकताना डोळ्यांनी पाहिलंय अशालाच.

गणोबा

@मांडवीकिनारी, तुमचं टेबल तुम्ही ओळखता, पण लहान बेट चुकीची नाही. २०१५ च्या सुमारास पायोसॉल्व्हरसारखी, डावाचं गणित सोडवून देणारी सॉफ्टवेअर सामान्य खेळाडूंच्या हातात आली, आणि राजा-सत्ती-दुर्रीसारख्या कोरड्या फ्लॉपवर शेवटी बोलणाऱ्याने जवळजवळ सगळ्याच पानांनी तिसऱ्या हिश्श्याएवढी बेट लावावी हे उत्तर त्यातून पुन्हा पुन्हा आलं. समोरच्याला तोटा टाळायचा तर त्याने चारातून तीन वेळा खेळात राहायला हवं. एवढी कच्ची पानं घेऊन टिकून राहणं माणसाला जमत नाही.

मांडवीकिनारी

तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या माणसाला जमत नाही. आमच्याकडच्याला झोपेत जमतं. 😀 तो चारातून चारही वेळा राहतो!

बटनवरचा

दोघांचंही बरोबर आहे, आणि भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. तो माणूस चारातून चारही वेळा राहत असेल तर ४ डॉलरची हूल वाया गेली, मान्य. पण मग त्याच माणसाला राण्यांच्या जोडीवर ९ ऐवजी १३ लावायला हवेत, कारण तो तेही भरणार आहे. माझ्या टेबलावर निम्मे लोक असे आहेत, निम्मे तसे. नवखा माणूस कोणाशीही बसला तरी पहिला तासभर एवढंच बघत बसला तरी चालेल: काही न लागता पानं टाकणारे कोण, आणि एकदा पैसे घातले की शेवटपर्यंत येणारे कोण. पहिल्यांना हूल द्यायची, दुसऱ्यांकडून वसुली करायची. अदलाबदल झाली की खिसा रिकामा.

एका मुद्द्यावर मात्र मी मांडवीकिनारींच्या बाजूने आहे. लहान टेबलांवर हूल कमी देऊन तोटा झालेले लोक मला भेटलेले नाहीत. जास्त देऊन झालेले हवे तेवढे.

शंकासुर

कलरचा ड्रॉ असेल तर काय करायचं? माझ्याकडे किलवर एक्का-पंजी, फ्लॉप किलवर राजा, किलवर अठ्ठी, चौकट तिर्री. मी चेक करतो, कारण अजून हातात काहीच नाही. मित्र म्हणतो बेट लाव. आणि ते चारने गुणायचं गणित काय आहे?

बटनवरचा

मित्राचं ऐका. कॅटमध्ये नऊ किलवर उरलीत आणि तीन एक्के. एक्का लागूनही हरण्याचे प्रसंग येतात, तरी ढोबळ मानाने बारा पानं तुमच्या बाजूची. रिव्हरपर्यंत त्यातलं एक येण्याची शक्यता ४५ टक्के. म्हणजे समोरच्याकडे राजाची जोडी असली तरी तुम्ही फार मागे नाही, आणि बेट लावल्यावर त्याने पानं टाकली तर तिथल्या तिथे जिंकलात. नऊ-दश्शीवर काही न लागता दिलेली हूल आणि ही बेट यांत मोठा फरक आहे. ही पकडली गेली तरी डाव संपत नाही. हूल द्यायला पानं निवडायची तर पहिली पसंती अशाच पानांना द्या.

गुणाकाराचं असं: उपयोगी पानं मोजायची, दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तर चारने गुणायचं, एकच मिळणार असेल तर दोनने. कलरचा ड्रॉ, नऊ पानं, चारने ३६. खरा आकडा ३५. दोन्ही टोकांनी उघडा सिक्वेन्स, आठ पानं, ३२, खरा ३१.५. मधलं एकच पान हवं असेल तर चार पानं, १६, खरा १६.५. हिशोब जमतो.

पण चारचा गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा फ्लॉपवरच सगळे पैसे आत गेलेत किंवा टर्नवर आणखी पैसे भरावे लागणार नाहीत. एरवी फ्लॉपवर कॉल केला की एकच पान मिळतं. टर्नवर समोरचा परत पैसे मागतो. तेव्हा दोननेच गुणा. "३६ टक्के आहेत" म्हणत महागडे कॉल करणाऱ्यांचे पैसे इथेच जातात.

गणोबा

+१. आणि पानं बारा-पंधरा झाली की चारचा गुणाकार फुगतो. पंधरा पानांचे ६० टक्के नाही होत, ५४ होतात.

मेलबर्नकर

एक डाव मांडतो, मतं द्या. ब्लाइंड २-५. मी बटनच्या उजवीकडे, हातात दश्शीची जोडी. २० केले. बटन, स्मॉल ब्लाइंड, बिग ब्लाइंड, तिघांनीही कॉल केला. पॉट ८०. फ्लॉप चौकट राजा, चौकट नव्वी, किलवर पंजी. दोन्ही ब्लाइंडनी चेक केलं. मी ५० लावले. बटनने कॉल केला, स्मॉल ब्लाइंडने टाकली, बिग ब्लाइंडने १६० केले. मी टाकून दिली. टाकायला नको होती का?

मांडवीकिनारी

टाकलीत ते बरोबर. ५० का लावलेत तेवढं सांगा.

मेलबर्नकर

राजा कोणाकडे आहे का ते बघायला. आणि ड्रॉवाल्यांना फुकट पान नको म्हणून.

बटनवरचा

@मेलबर्नकर, हा डाव इथे आला ते बरं झालं, कारण मी वरती सगळं एकाच माणसासमोर लिहिलंय. दोन-तीन जण आत असले की चित्र पार बदलतं.

कच्चा हिशोब करू. ८० च्या पॉटवर ५० लावले, म्हणजे नुसत्या पळवापळवीतून फायदा व्हायला ३८ टक्के वेळा सगळ्यांनी पानं टाकायला हवीत. एकेक जण निम्म्या वेळा टाकतो असं धरा. समोर एकटा असता तर ५० टक्के, बेट चालली असती. दोघे असते तर २५. तिघे आहेत म्हणून साडेबारा. बेट तीच, फक्त माणसं वाढली.

दुसरं, राजा. टेबलावर एक आहे, तीन उरले. समोरच्या तिघांकडे मिळून सहा पानं. ती अगदी कोणतीही सहा धरली तरी त्यात निदान एक राजा असण्याची शक्यता ३४ टक्के. आणि ती कोणतीही सहा नाहीतच. २० भरून आलेल्यांच्या हातात लहान पानांपेक्षा राजा-राणी, राजा-गुलाम जास्त असतात. शिवाय नव्व्यांची किंवा पंजींची जोडी धरून बसलेला, दोन जोड्या लागलेला, हे वेगळेच.

तिसरं, तुमच्या मागे बटन अजून बोलायचं होतं.

"कोणाकडे काय आहे ते बघायला" लावलेल्या बेटबद्दल माझं मत वाईट आहे. ५० भरून कळलं काय? की राजावाले थांबतात आणि बाकीचे जातात. हे आधीच माहीत होतं. तुमच्या दश्शीला मागे पडल्यावर सुधारायला दोनच पानं आहेत, रिव्हरपर्यंत ८ टक्के. चेक करा. सगळ्यांनी चेक केलं तर टर्नवर तुमची दश्शी पुष्कळदा सगळ्यांत पुढे असेल आणि तेव्हा लावलेले ३०-४० जास्त कामाचे. बटनने बेट लावली आणि ब्लाइंडनी टाकली तर एकदा कॉल करता येतो. बेट आणि रेज दोन्ही आले तर फुकटात सुटलात.

ड्रॉवाल्यांची भीती खरी आहे, पण त्यांना दंड करायचा तो राजा-एक्का हातात असताना. तेव्हा ५० नाही, ६० लावा.

शंकासुर

मग तीन-चार जण असताना काही न लागता बेट लावायचीच नाही?

गणोबा

जवळजवळ नाहीच. शंकासुरांच्या किलवर एक्का-पंजीसारखा ड्रॉ असेल तर विचार करता येईल. नुसता एक्का-राजा, काही न लागलेला, चेक.

झब्बूसम्राट

आणि एकट्यासमोर सी-बेट लावली, त्याने कॉल केला. टर्नवर परत लावायची की गप्प बसायचं? मी इथेच लटकतो.

बटनवरचा

पहिल्याच उदाहरणातला एक्का-राजा आणि राणी-सत्ती-दुर्री घ्या. टर्नवर एक्का किंवा राजा आला तर प्रश्नच नाही, लावा. गुलाम किंवा दश्शी आली तर एका पानाने सिक्वेन्स होतो आणि एक्का-राजाही शिल्लक आहेतच, म्हणून समोरचा टाकणारा असेल तर पुन्हा लावा, यावेळी जरा मोठी, पॉटच्या अर्ध्याहून जास्त. तिर्री-चौकी-छक्कीसारखं निरुपयोगी पान आलं तर थांबा. ज्याने राणीवर कॉल केलाय तो छक्की बघून घाबरणार नाही.

आणि फ्लॉपवर लावताना टर्नचा विचार केलेला असावा. कोणती पानं आली की परत लावणार आणि कोणती आली की सोडणार, हे आधी ठरलेलं असलं की लटकायला होत नाही.

पैसे किती मागे आहेत तेही बघा. पॉट ६० आणि दोघांकडे १२० उरलेत, तर सगळ्यांत मोठी जोडी लागलेल्याने फार विचार न करता सगळे आत घालावेत. पॉट १३ आणि मागे २०० असतील, तर त्याच जोडीवर सगळे पैसे जाणं म्हणजे समोर बहुधा त्याहून मोठं काही आहे.

मेंढीकोट

एवढं सगळं दोन पानांसाठी? आमच्यात तेरा पानं हातात असतात आणि कोणी डोकं चालवत नाही.

शंकासुर

शेवटची शंका. मी बटनवर, राजा-राणी, ६ केले, बिग ब्लाइंडचा कॉल. पॉट १३. फ्लॉप राजा, अठ्ठी, तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. त्याने चेक केलं, मी ६ लावले, त्याने २० केले. आता?

मांडवीकिनारी

टाका. चेक करून मग रेज करणाऱ्याकडे आमच्याकडे तरी दोन जोड्या नाहीतर तीन अठ्ठ्या असतात.

गणोबा

फ्लॉपवर टाकणं मला घाईचं वाटतं. पॉट आता ३९ झाला, भरायचे आहेत १४. कॉल परवडायला २६ टक्के पुरतात. राजा-गुलाम, राजा-दश्शी घेऊन रेज करणारेही असतात, आणि ते सगळे तुमच्या मागे आहेत. एकदा कॉल करा.

बटनवरचा

मीही एकदा कॉल करेन, परत रेज नक्कीच नाही. परत रेज केला तर राजा-गुलामवाला पळेल आणि तीन अठ्ठ्यावाला खुशीत येईल, म्हणजे पुन्हा तेच, कच्चे गेले आणि पक्के राहिले.

कॉलनंतर पॉट ५३. टर्नवर फालतू पान आलं आणि त्याने ४० लावले, तर ४० भरून १३३ चा पॉट होतो, म्हणजे ३० टक्के वेळा तुम्ही पुढे असायला हवं. शिवाय रिव्हरला तो आणखी मागेल ते वेगळंच. चेक करून रेज आणि वर टर्नवर ४०, एवढं करणारा तुमच्या टेबलावरचा माणूस तीनातून एकदा थापा मारत असेल असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल भरा. माझ्या टेबलावरचा मारत नाही, मी तिथे पानं टाकतो.